शेतातल्या फिकट आयताखाली जुनी वस्ती आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या दप्तरात एका वस्तीचं नाव येतं, आजच्या नकाशावर ती नाही. नोंदीतल्या दिशा आणि अंतरं जुळवली तर जागा सपाट शेतजमिनीत येते, आजच्या नदीपात्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर. मोफत मिळणाऱ्या उपग्रह प्रतिमांत तिथल्या एका शेतात साधारण ९० बाय ६० मीटरचा फिकट आयत दिसतो, पण फक्त एका वर्षीच्या प्रतिमेत. त्याच्या आधी काही नाही, नंतरही काही नाही. मग हा भास आहे का, लायडार (लेसरने जमिनीची उंची मोजण्याचं) सर्वेक्षण करून घ्यावं का, आणि घरबसल्या यातलं किती जमेल?

आधी सरळ उत्तर देतो. आयत एकाच वर्षी दिसला म्हणून त्याला सोडू नका. लायडारचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आणि पहिले दोन-तीन महिने नव्या प्रतिमांपेक्षा जुन्या प्रतिमांमागे घालवा. घरी बसून यातलं बरंच होतं, पण शेवटचा निकाल त्या शेतात पाय ठेवल्याशिवाय लागत नाही. दूरसंवेदन (विमान-उपग्रहांतून जमिनीचा अभ्यास) आणि पुरातत्त्व यांच्या सीमेवर मी वीसेक वर्षं काम करतो आहे, आणि नव्याने येणारे जवळजवळ सगळे नेमके उलट्या क्रमाने सुरुवात करतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकाशातून जुनं गाव दिसतं, असं आपण सहज म्हणतो. खरं तर दिसतो तो गावाने मातीत केलेला बदल. माणसं एका जागी दोन-चारशे वर्षं राहिली की तिथली माती वेगळी होते. मातीच्या भिंती पडतात, त्याच जागी पुन्हा उभ्या राहतात. चुलीची राख, शेण, हाडं, केरकचरा तिथल्या तिथे जिरतो. पाये गाडले जातात, खड्डे आणि खंदक बुजतात. मराठीत गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’ आणि शेताच्या जमिनीला ‘काळी’ म्हणतात, तो भेद याच बदलाचा आहे. कॅमेरा कितीही महाग असो, तो शेवटी ही पांढरीच शोधत असतो. त्यामुळे कुठलंही साधन निवडण्याआधी आपल्या जागेवर हा बदल कोणत्या रूपात उरला असेल, ते विचारा: रंगात, ओलाव्यात, उंचसखलपणात की चुंबकीय गुणात?

तुमच्या सपाट, दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या जमिनीत उंचसखलपणा फारसा उरलेला नसणार. उरला असेल तो ओलावा. गाडलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असतो, मुळांना खाली जायला जागा नसते, पाणी लवकर संपतं. म्हणून त्या रेषेवर पीक खुजं राहतं आणि लवकर पिवळं पडतं. बुजलेल्या खंदकावर उलटं होतं. तिथे भुसभुशीत माती खोल असते, ओल टिकते, पीक उंच वाढतं आणि इतरांपेक्षा जास्त दिवस हिरवं राहतं. अशा एका बुजलेल्या खंदकावर मी जव उभं असताना गेलो होतो. दोन्ही बाजूंचं पीक गुडघ्याच्या जरा वर आणि पिवळं, मधला पट्टा कमरेला लागणारा आणि हिरवा. रुंदी जेमतेम दोन मीटर. तिथे उभं राहून पाहिलं तर तेवढ्या ओळीला खत जास्त पडलंय असं वाटावं. ड्रोन ऐंशी मीटर वर गेला आणि तो पट्टा चारही बाजूंनी वळून स्वतःलाच येऊन मिळालेला दिसला. दोन आठवड्यांनी सगळं शेत एकाच रंगाचं झालं. पुढची तीन वर्षं पाऊस चांगला होता आणि पट्टा पुन्हा दिसला नाही.

म्हणजे एकाच वर्षी दिसणं हे अशा खुणांचं स्वाभाविक वागणं आहे. पाऊस भरपूर झाला की भिंतीवरच्या पिकालाही पाणी पुरतं आणि फरक मिटतो. कोरडं वर्ष, योग्य पीक आणि पिकाची योग्य अवस्था, तिन्ही जुळावं लागतं. इंग्लंडमधल्या वुडहेंज या प्रागैतिहासिक स्थळाचं उदाहरण यासाठी नेहमी देतो. गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकाला डिसेंबर १९२५ मध्ये उड्डाण करताना एक वर्तुळ आणि त्यात पांढरे ठिपके दिसले. पुढच्या उन्हाळ्यात तिथे गहू उभा असताना ठिपक्यांची एकात एक वर्तुळं स्पष्ट झाली. ते ठिपके म्हणजे लाकडी खांबांचे बुजलेले खड्डे होते. दुसरं उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळचं आहे. व्हेनिसजवळचं आल्तिनुम हे रोमन शहर शेतांखाली गेलेलं होतं. जुलै २००७ मधल्या कडक दुष्काळात मका आणि सोयाबीनच्या शेतांची हवाई छायाचित्रं दृश्य प्रकाशात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट अवरक्त प्रकाशात घेतली गेली, आणि तटबंदी, रस्ते, कालवा, नाट्यगृह असा शहराचा आराखडाच पिकातून वर आला. ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. निकट अवरक्त इथे उपयोगी पडतं याचं कारण साधं आहे. निरोगी पान हा प्रकाश जोरात परावर्तित करतं, आणि पाण्याचा ताण बसला की डोळ्यांना फिकटपणा जाणवण्याआधीच त्यात घट दिसू लागते.

म्हणून पहिलं काम: ज्या प्रतिमेत आयत दिसला तिची नेमकी तारीख काढा. वर्ष पुरत नाही, दिवस हवा. मग त्या दिवसाआधीच्या दोन-तीन महिन्यांचा पाऊस तपासा. तो काळ कोरडा निघाला तर तुमच्या आयताची बाजू बरीच बळकट होते. त्याच भागात आणखी कोणती वर्षं तशीच कोरडी होती ते काढा आणि फक्त त्या वर्षांच्या प्रतिमा मागवा. वीस वर्षांच्या सगळ्या प्रतिमा चाळत बसण्यापेक्षा चार योग्य तारखा खूप जास्त सांगतात.

इथे रिझोल्यूशनचा, म्हणजे प्रतिमा किती बारीक आहे याचा, हिशेब करून ठेवा, कारण त्यात वेळ फार वाया जातो. लँडसॅट या उपग्रहाच्या मोफत प्रतिमेचा पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, ३० मीटरचा. तुमचा ९० बाय ६० मीटरचा आयत त्यात तीन गुणिले दोन, म्हणजे सहा पिक्सेल. त्यातून आकार कळणं अशक्य. सेंटिनेल-२ या दुसऱ्या मोफत उपग्रहाचे मुख्य प्रकाशपट्टे १० मीटरचे आहेत. त्यात तो ५४ पिक्सेल होतो, म्हणजे डाग कळेल, पण मीटरभर रुंदीची भिंत कळणार नाही. मात्र सेंटिनेल-२ ची प्रतिमा दर काही दिवसांनी येते, आणि हेच तिचं बळ आहे. त्या डागावरचं पीक आजूबाजूच्या पिकाआधी पिवळं पडतं का, हे २०१५ पासूनच्या प्रत्येक हंगामात तपासता येतं. आकार बारीक प्रतिमेतून घ्या आणि वागणूक सेंटिनेलमधून.

आता जुन्या प्रतिमांकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित खजिना हाच आहे. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी जगाच्या मोठ्या भागाची छायाचित्रं फिल्मवर घेतली. १९९५ मध्ये त्यांतली आठ लाख साठ हजारांहून अधिक छायाचित्रं गोपनीयतेतून मुक्त झाली. शेवटच्या पिढीच्या कॅमेऱ्याला जमिनीवरची सुमारे दोन मीटरची वस्तू कळायची. आज आपल्याकडे याहून बारीक प्रतिमा आहेत, मग ही कशाला? कारण ती ट्रॅक्टरची खोल नांगरट, मोठी धरणं, जमीन सपाटीकरण आणि वाढलेली शहरं यांच्या आधीची आहेत. जुन्या वस्त्यांची जी टेकाडं आज नकाशातून आणि जमिनीवरूनही गेली, ती त्या फिल्मवर सावलीसकट उभी आहेत.

सीरिया आणि इराकमधलं काम याचा उत्तम दाखला आहे. आंतोआन प्वादबार या फ्रेंच धर्मगुरूने १९२० आणि १९३० च्या दशकांत विमानातून पाहणी करून ११६ रोमन किल्ले नोंदवले होते. ते उत्तर-दक्षिण ओळीत असल्यामुळे ती साम्राज्याच्या सरहद्दीची संरक्षक फळी मानली गेली. २०२३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जेसी कसाना आणि सहकाऱ्यांनी गोपनीयतेतून मुक्त झालेली हेर-उपग्रहांची छायाचित्रं पद्धतशीर चाळून आणखी ३९६ किल्ले प्रसिद्ध केले, आणि ते पूर्व-पश्चिम असे सगळ्या प्रदेशात पसरलेले निघाले. म्हणजे ते व्यापार आणि प्रवासाच्या वाटा सांभाळत असावेत, असं नवं वाचन पुढे आलं. विमानातून पाहणाऱ्याने जिथे किल्ले असतील असं वाटलं तिथेच उड्डाणं केली, त्यामुळे त्याला ओळ दिसली. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो: तुम्ही जिथे पाहता तिथेच तुम्हाला सापडतं. आयताच्या शेतापुरतं पाहू नका, भोवतालचे पाच-सात किलोमीटर तितक्याच काळजीने पाहा.

याच फिल्मवर उत्तर मेसोपोटेमियात (आजचा उत्तर इराक-सीरिया) पुरातत्त्वज्ञ जेसन उर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कांस्ययुगातल्या गावांपासून निघणाऱ्या, माणसं आणि गुरं चालून चालून खोलगट झालेल्या वाटा. चाकाच्या आऱ्यांसारख्या त्या टेकाडाकडे येतात. गाव पुसलं जातं, पण वाटा शेतांमधून ओलसर, गडद रेषांच्या रूपात उरतात. वस्ती सापडत नसेल तर तिच्याकडे येणाऱ्या वाटा शोधा. आजच्या कुठल्याही गावाकडे न जाणाऱ्या चार-पाच रेषा एखाद्या मोकळ्या शेतात येऊन मिळत असतील, तर त्या शेताकडे मी आयतापेक्षा जास्त गंभीरपणे पाहीन.

कोरोनाशिवाय तुमच्या भागाची जुनी हवाई छायाचित्रं आणि भूमापनाचे जुने नकाशे मिळवा. महसुली दप्तरांत ओसाड गावासाठी ‘बेचिराख’ हा शब्द येतो, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. वस्ती गेली तरी तिची शीव, तिच्या नावाचा शेतांचा गट, एखादी विहीर, पांदीचं वळण अशा गोष्टी नकाशावर रेंगाळतात. जुना नकाशा आजच्या प्रतिमेवर बसवताना मात्र घाई करू नका. रस्त्यांचे फाटे आणि जुने बांधकामाचे कोपरे असे किमान आठ-दहा पक्के बिंदू घ्या. नदीकाठ घेऊ नका, तो सरकतो. पन्नास मीटरची चूक झाली की तुम्ही शेजारच्या शेतात वस्ती शोधत बसता.

इथे माझी एक चूक सांगतो. एका मैदानी भागात मला असाच नीटस आयत मिळाला होता. एका बाजूला प्रवेशद्वारासारखी फट, एका कोपऱ्यात गोल डाग. मी तो लहानसा गढीवजा वाडा धरला, तीन महिने प्रतिमा जमवल्या, आराखडा काढला. शेतात गेल्यावर मालकाच्या वडिलांनी एका वाक्यात सांगितलं, इथे आमची वीटभट्टी होती आणि तो गोल म्हणजे पाण्याचा हौद. भट्टी त्यांच्या तरुणपणची. १९६८ च्या कोरोना छायाचित्रात ते शेत कोरं होतं, आणि ती फिल्म त्या वेळीही एका मागणीत मिळत होती. मी ती मागवली नव्हती. तेव्हापासून माझा नियम आहे की कोणत्याही आकाराबद्दल मत बनवण्याआधी त्याचं सर्वांत जुनं छायाचित्र पाहायचं. आकार तिथे असेल तर तो निदान तेवढा जुना, नसेल तर का नाही याचं उत्तर आधी शोधायचं.

आता लायडार. विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोनमधून लेसरचे लाखो ठोके जमिनीकडे सोडायचे आणि परत येण्याच्या वेळेवरून प्रत्येक बिंदूची उंची काढायची, असं हे तंत्र. त्याची कीर्ती दाट जंगलामुळे आहे, आणि ती रास्त आहे. बेलीझमधल्या काराकोल या माया शहराचा अभ्यास करणाऱ्या चेस दांपत्याच्या चमूने सुमारे २५ वर्षं जंगल तोडत-मोजत २३ चौरस किलोमीटरचा नकाशा केला होता. २००९ मध्ये लायडारने काही दिवसांत २०० चौरस किलोमीटर टिपले. दर चौरस मीटरला सुमारे २० बिंदू मोजले गेले आणि त्यांतला सरासरी सुमारे १.३५ बिंदूच पानांच्या फटीतून जमिनीपर्यंत पोचला. तेवढ्यावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि रस्ते उलगडले. उत्तर ग्वाटेमालात २,१४४ चौरस किलोमीटरमध्ये ६१,४८० बांधकामं मोजली गेली, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. कंबोडियात डेमियन एव्हन्स यांच्या चमूने २०१२ च्या उड्डाणांतून कुलेन डोंगरावर महेंद्रपर्वत या जुन्या ख्मेर शहराच्या रस्त्यांचं जाळं दाखवलं. २०२४ मध्ये उझबेकिस्तानात समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवरच्या गवताळ कुरणांत ड्रोनच्या लायडारने तुगुनबुलाक हे सुमारे १२० हेक्टरचं मध्ययुगीन शहर नकाशावर आणलं.

या सगळ्या जागांत समान काय आहे? अवशेष जमिनीच्या वर उरलेले आहेत, मग ते झाडांखाली असोत की गवताखाली. लायडार जमिनीच्या आत पाहत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. त्याला पृष्ठभाग कळतो, बस. तुमच्या शेतात नांगराने सगळं सपाट केलं असेल तर त्याला दाखवायला काही नाही. एक अपवाद आहे: वस्तीचं टेकाड नांगरून पसरलं तरी शंभर मीटर लांबीत तीस-चाळीस सेंटिमीटरचा फुगवटा उरू शकतो. तो चालताना कळत नाही, पण लायडारच्या उंचीच्या आकड्यांत येतो.

तो पाहण्यासाठी नवं उड्डाण लागेलच असं नाही. पूर, जंगल, रस्ते यांसाठी केलेलं लायडार अनेक देशांत आधीच पडून आहे. नेदरलँड्स आणि इंग्लंडसारख्या देशांनी ते सर्वांना खुलं केलं आहे. २०२४ मध्ये मेक्सिकोच्या काम्पेचे राज्यातलं वालेरियाना हे माया शहर प्रसिद्ध झालं, ते २०१३ मध्ये जंगलातला कार्बन मोजण्यासाठी घेतलेल्या लायडारमधून. ल्यूक ऑल्ड-थॉमस यांना ते आकडे इंटरनेटवर शोधताना मिळाले. १२२ चौरस किलोमीटरमध्ये ६,७६४ बांधकामं, आणि सगळी अकरा वर्षं सार्वजनिक साठ्यात पडलेली. म्हणून आधी विचारा, आपल्या भागाचं लायडार कुणी केलंय का?

मिळालं तर तयार प्रतिमेवर समाधान मानू नका, कच्चे बिंदू मागा. झाड कोणतं आणि जमीन कोणती हे संगणक ठरवतो, आणि कधी कधी बुटकी भिंत झुडूप समजून कापून टाकतो. दुसरं म्हणजे छायांकन. बहुतेक प्रणाली वायव्येकडून, ३१५ अंशांवरून, प्रकाश टाकून उठाव दाखवतात. त्या दिशेला समांतर जाणारी भिंत किंवा चर त्यात जवळजवळ नाहीसा होतो. प्रकाशाची दिशा फिरवत पाहा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक बिंदूवरून आकाशाचा किती भाग दिसतो हे मोजणारं चित्रण. त्यात खड्डे गडद आणि उंचवटे उजळ येतात आणि दिशेचा पक्षपात राहत नाही. स्लोव्हेनियाच्या संशोधकांनी यासाठी मोफत प्रणाली केली आहे, मी रोज तीच वापरतो. सपाट जमिनीत मोठा उतार वजा करून फक्त स्थानिक चढउतार ठेवला की तो तीस सेंटिमीटरचा फुगवटा वर येतो.

रडारबद्दल थोडक्यात. १९८१ मध्ये कोलंबिया अंतराळयानातल्या रडारने पूर्व सहाराच्या वाळूखालची जुनी नदीपात्रं दाखवली, आणि तेव्हापासून उपग्रह रडार जमिनीखालचं पाहतं असा समज पसरला. ते खरं आहे, पण अत्यंत कोरड्या, बारीक वाळूत आणि लांब लहरींच्या रडारसाठीच. ओलसर शेतजमिनीत लहर वरच्या थरातच अडते. ओमानमधल्या शिस्रचा दाखलाही नीट वाचायला हवा. १९८४ चं रडार आणि इतर उपग्रहांच्या प्रतिमा यांतून जुन्या काफिल्यांच्या वाटा एका विहिरीकडे येताना दिसल्या, मग उत्खननात बुरुजांचा किल्ला आणि त्याचा खचलेला भाग सापडला. अंतराळातून हरवलेलं उबार शहर सापडल्याची बातमी जगभर झाली. प्रत्यक्षात अंतराळातून वाटा दिसल्या होत्या, शहर नाही. आणि ते ठिकाण म्हणजेच दंतकथेतलं उबार का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

तुमच्यासाठी उंचीचे मोफत आकडे आणि लँडसॅट वेगळ्याच कामाचे आहेत: नदीचं जुनं पात्र शोधायला. वस्ती पाण्यापासून तीन किलोमीटर दूर का, हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो. कदाचित नदी सरकली असेल. सोडलेलं पात्र अनेकदा वळणदार, ओलसर, जास्त हिरव्या पट्ट्याच्या रूपात दिसतं. मात्र पात्र आणि वस्ती एकाच काळातली मानू नका. घग्गर-हाकरा खोऱ्यात सिंधू संस्कृतीची असंख्य गावं जुन्या पात्राकाठी आहेत, म्हणून तिथे त्या काळी मोठी हिमालयीन नदी वाहत असणार असं गृहीत धरलं जाई. २०१७ मध्ये गाळाच्या कालमापनातून निघालं की सतलज तिथून सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच, म्हणजे त्या शहरांच्या पुष्कळ आधी, सरकली होती. लोक सोडलेल्या दरीत राहायला आले होते.

संगणकाकडून शोध करून घेण्याबद्दल अनेक जण विचारतात. मोठ्या प्रदेशासाठी तो उत्तम आहे. मेंत्से आणि उर यांनी २०१२ मध्ये ईशान्य सीरियातल्या २३,००० चौरस किलोमीटरमध्ये मातीचा वर्णपट आणि टेकाडांची उंची वापरून सुमारे १४,००० वस्तीस्थानं नोंदवली. पण तिथे संगणकाला शिकवायला आधीच ज्ञात असलेली टेकाडं होती. एका गावाच्या शोधात तुमचे डोळे आणि जुना नकाशा पुरेसे आहेत.

फसवणाऱ्या खुणांकडे आता येऊ. गवताच्या गंजीची जागा, काढून टाकलेली बाग, बुजवलेलं शेततळं, जुना बांध, जलवाहिनी, खताचा ढीग पडलेला कोपरा, तात्पुरती छावणी, भूगर्भातल्या भेगा: सगळ्यांचे नीटस आकार येतात. अनुभवी लोकही फसतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या पॉइंट रोझी इथे उपग्रहाच्या अवरक्त प्रतिमांत वायकिंग वस्तीसारख्या रेषा दिसल्या आणि २०१५-१६ मध्ये उत्खनन झालं. तिथे नॉर्स (वायकिंग लोकांच्या) वस्तीचा पुरावा मिळाला नाही, आणि चमूने तसा अहवालही दिला. मला तो अहवाल आदराचा वाटतो. त्याच बेटावरची खरी नॉर्स वस्ती, लान्स ओ मेडोज, १९६० मध्ये सापडली होती ती हेल्गे इंगस्टाड यांना जॉर्ज डेकर या स्थानिक मच्छीमाराने गवताचे उंचवटे दाखवले म्हणून.

म्हणून शेतात जा, मालकाची परवानगी घेऊन, नांगरट झाल्यावर आणि एक पाऊस पडून गेल्यावर. तेव्हा धूळ धुतली जाऊन खापरं उघडी पडतात. दोन-दोन मीटरच्या अंतराने ओळीत चाला, आयताच्या आत आणि बाहेरही. खापरं मोजा, छायाचित्र घ्या, जागेवरच ठेवा. आत दाट आणि बाहेर विरळ असं वाटप आलं तर ती वस्ती असण्याची शक्यता कोणत्याही उपग्रहाच्या दाव्यापेक्षा मोठी. सगळीकडे सारखी विरळ असतील तर ती शेणखताबरोबर आलेली असू शकतात. आणि तिथल्या वयस्कर माणसांशी निवांत बोला, शेताला काय म्हणतात ते विचारा.

त्यानंतरची पायरी मॅग्नेटोमीटरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बारीक फरक मोजणाऱ्या यंत्राची. चूल, भट्टी, जळालेली भिंत तापून थंड होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची छाप धरून ठेवते. पृथ्वीचं क्षेत्र ठिकाणानुसार २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक), आणि बुजलेल्या खंदकाचा फरक अनेकदा एक आकडी, तरी यंत्र तो टिपतं. दगडी पाये असतील तर जमिनीवरून ओढत नेण्याचं भूभेदी रडार जास्त बोलतं. इटलीतल्या फालेरी नोवी या ३०.५ हेक्टरच्या रोमन शहराचा अख्खा आराखडा २०२० मध्ये अशा रडारने, दर साडेबारा सेंटिमीटरला वाचन घेत, कुदळ न लावता मिळाला. ही यंत्रं जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व किंवा भूभौतिक विभागाकडे असतात. तारखांसह प्रतिमा आणि खापरांचा नकाशा घेऊन गेलात तर तुमचं ऐकलं जाईल. नुसत्या आयतावर सहसा ऐकलं जात नाही.

नेमके अक्षांश-रेखांश उघड्यावर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. सीरियातल्या अपामिया या प्राचीन शहराच्या २०११ नंतरच्या उपग्रह प्रतिमा मी पाहिल्या आहेत. अख्खी जागा लुटारूंच्या खड्ड्यांनी चाळणी झालेली आहे, आणि त्या खड्ड्यांतून गेलेलं आता कुठल्याही तंत्राने परत मिळणार नाही. जागेची माहिती पुरातत्त्व खात्याला द्या. धातुशोधक यंत्र घेऊन जाऊ नका. ड्रोन उडवण्याआधी तिथले नियम पाहा.

तुमच्या आयतावर आजच्या आज करता येईल अशी एक तपासणी उरते. त्याच्या बाजूंची दिशा मोजा आणि शेताच्या बांधाशी व नांगरटीच्या ओळींशी ताडून पाहा. दोन्ही समांतर असतील तर आजच्या शेतीनेच तो घडवला असण्याची शंका मोठी. तो बांधाला तिरका कापत असेल आणि त्याची एखादी बाजू बांध ओलांडून शेजारच्या, वेगळं पीक असलेल्या शेतात पुढे जात असेल, तर तो बांधाच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. ९० मीटरच्या बाजूची दोन्ही टोकं मोठी करून पाहा. उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता आहे.